विसांच्या यादीतला न मोजलेला आठवडा

मी, फेर्मीन उर्रुतीया, वय वर्षे एक्क्याऐंशी, अविवाहित, राहणार रेदुक्तो वस्ती, शहर मोंटेव्हिडिओ, पूर्ण शुद्धीवर असून माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. १९६१ च्या जूनमधल्या कुठल्याही आठवड्याचं सतरावं गाणं कोणतं, हे कोणीही विचारावं, मी सांगेन. मजवर कोणाचा दबाव नाही. मला अपत्य नाही, आईवडील केव्हाच निवर्तले, तेव्हा माझ्या चीजवस्तूंवर कायद्याने कोणाचा हक्काचा हिस्सा निघत नाही. सबब माझ्या पश्चात काय कोणाकडे जावे ते स्वहस्ते लिहून ठेवतो. नोटरीबाई याची नक्कल करतील. पण शब्द माझे राहू द्यावेत, ही विनंती.

एक. राहते घर, दोन खोल्या व लिंबाच्या झाडासह मागचे अंगण, माझी भाची मिरेया हिला द्यावे. फोनशेजारच्या भिंतीवर तबकड्यांच्या बेचाळीस दुकानांचे नंबर पेन्सिलीने लिहिलेले आहेत. तिला भिंत रंगवायची असेल तर खुशाल रंगवावी, मात्र आधी एक फोटो काढावा. निम्मी दुकाने आता या जगात नाहीत, आणि सुंदर अक्षरात मी आयुष्यात तेवढेच लिहिले आहे.

दोन. बँकेतील शिल्लक रकमेतून माझा अंत्यविधी साधेपणाने करावा. उरेल त्यातून, मी शिकलो त्या शाळेत दरवर्षी एका मुलाला वा मुलीला कवितेचे पुस्तक द्यावे. अट एकच: पुस्तकात न बघता कविता म्हणता आली पाहिजे. आमच्या लिओनोरबाई म्हणायच्या, "फेर्मीन, पाठ केलेली कविता पोपटाची. अंगात भिनलेली तुझी." मी कवी झालो नाही. पण दर शुक्रवारी दुपारी वीस गाण्यांची नावे एकाखाली एक लिहून झाली की मी ती मोठ्याने वाचत असे, आणि एखाद्या आठवड्यात, बाई, खरोखर कविता व्हायची. एकाने निरोप घेतला, दुसऱ्याने दार उघडले, तिसऱ्याच्या घरी पाऊस. कोणी लिहिली म्हणाल? सबंध देशाने, न ठरवता.

तीन. माझ्या एकतीस वह्या, सन १९६० ते १९९०, राष्ट्रीय ग्रंथालयास द्याव्यात. नव्या पिढीसाठी थोडे सांगतो. आमच्या साप्ताहिकात शेवटच्या पानावर 'विसांची यादी' छापून येई; ती मी करत असे. देशभरातल्या बेचाळीस दुकानांत त्या आठवड्यात कोणती तबकडी किती खपली, त्यावरून गाण्यांचा क्रम लागे. जवळचे आकडे फोनवर मिळत. साल्तो, रिवेरा, मेलोच्या चिठ्ठ्या रात्रीच्या बसने येत, ड्रायव्हरच्या टोपीत खोचून. एक दुकानदार जावयाच्या तबकडीचे आकडे फुगवून कळवी. मी बसने त्याच्या दुकानात गेलो आणि त्या तबकड्यांच्या गठ्ठ्यावरून नुसते बोट फिरवले. बोटाला धूळ लागली. पुढे तो सरळ झाला.

या वह्यांत काय काय आहे म्हणून सांगू! एक गाणे सात वेळा यादीतून पडले आणि सात वेळा परत आले, रुसून माहेरी गेलेल्या बायकोसारखे. एक गाणे नऊ आठवडे दुसऱ्या क्रमांकावर राहिले, पहिले कधीच झाले नाही. त्याच्याइतके सभ्य गाणे मी पाहिले नाही. एक्काहत्तर वर्षांच्या न्हाव्याने आयुष्यात एकच तबकडी काढली आणि तो पहिला आला. त्या शनिवारी त्याने दुकानात कोणाकडूनही दाढीचे पैसे घेतले नाहीत. हे विक्रम आहेत म्हणून जपायचे असे नाही. कधी काळी या देशातली माणसे स्वयंपाक करताना काय गुणगुणत होती, याचा दुसरा पुरावा नाही.

चार. हाताने दांडी फिरवायचे बेरजेचे यंत्र माझा माजी सहायक रुबेन ताबारेस यास द्यावे. त्यावर शून्याचीही कळ आहे, ती त्याने वापरून बघावी. असे का म्हणतो ते कलम सहात येईल. त्याच्यावरचा राग मी एकतीस वर्षे सांभाळला. आता सोडतो आहे. यंत्र जड आहे, राग त्याहून जड होता.

पाच. तबकडी कंपनीचे जे गृहस्थ दर नाताळाला माझ्या दारी मध घातलेल्या ग्रापा दारूची पेटी ठेवून जात, ते हयात असल्यास त्यांना कळवावे की एकही बाटली मी फोडली नाही. सगळ्या मी खालच्या गल्लीतल्या बारमध्ये, आता तो चालवणाऱ्या वॉशिंग्टनच्या वडिलांना दिल्या. त्यांनी त्या रिचवल्या, आणि तरीही तुमचे गाणे चौदाव्याच्या वर गेले नाही.

सहा. हे कलम लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

सन १९६६ मध्ये एल्सीरा बांचेरो हिचे 'मीठ आणि कंदील' हे गाणे सलग अकरा आठवडे पहिले राहिले. बारावा आठवडा पर्यटन सप्ताहाचा होता. ईस्टरआधीच्या या आठवड्याला जग पवित्र सप्ताह म्हणते. आपण तंबू आणि मासे पकडायच्या काठ्या घेऊन गाव सोडतो. बेचाळीसच्या बेचाळीस दुकाने बंद. एकही चिठ्ठी आली नाही. मी यादीच्या जागी लिहिले: 'गणती नाही.' पुढच्या आठवड्यात दुसरे गाणे पहिले आले.

त्या काळी एल्सीरा आणि मी रविवारी समुद्राकाठी फिरायला जात असू. थर्मास माझ्या काखेत, येर्बाच्या कडू चहाचा पेला तिच्या हातात. ती म्हणाली,

"काय रे, दुकानं बंद होती म्हणून माझं गाणं काय मेलं होतं?"

"मेलं नव्हतं. पण मोजलं कोणी?"

"तू! आठवडाभर शिट्टीवर तेच तर वाजवत होतास."

"माझी शिट्टी धरत नाहीत."

"तुझं काहीच कशात धरत नाहीत, फेर्मीन," असे म्हणून ती हसली आणि पेला माझ्या हातात दिला. सप्टेंबरात तिने पायसांदूच्या एका गुरांच्या डॉक्टरशी लग्न केले. तो भला माणूस होता. त्याला जाऊन सहा वर्षे झाली.

सन १९७८ मध्ये 'कार्दालेस' या चौकडीचे 'शनिवारचा सूट' अकरा आठवडे पहिले होते. पुन्हा पर्यटन सप्ताह आला. मी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात होतो. कोरे पान बघून ताबारेस घाबरला आणि त्याने मागच्या आठवड्याची यादी जशीच्या तशी छापली. झाले बारा आठवडे. सर्वाधिक काळ पहिले राहिलेले गाणे म्हणून आजही रेडिओवर तेच नाव घेतात. गाणे चांगले आहे. त्या चौघांचा काही दोष नाही.

दोष माझा आहे. घरी आल्यावर मी ते पान पाहिले, लाल पेन्सिल हातात घेतली आणि परत ठेवली. दुरुस्ती केली तर लोक म्हणतील, फेर्मीनने एल्सीरासाठी केली. मी निःपक्षपाती दिसावे, एवढ्याखातर मी पक्षपात केला. ज्या नियमाने तिचा आठवडा गेला, तोच नियम मी दुसऱ्याला लावला नाही.

सबब माझ्या मृत्यूनंतर मिरेयाने १९७८ च्या वहीत दुरुस्ती करवून घ्यावी, रेडिओला व वर्तमानपत्रांना कळवावे, आणि पायसांदूला जाऊन एल्सीरा बांचेरो हिला सांगावे की दोन्ही गाणी अकरा-अकरा असून पहिला मान दोघांचा समसमान आहे.

येथवर मी घरी लिहिले होते. कायद्याप्रमाणे नोटरी इव्होन सासिया यांनी ते आज तीन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. त्यानंतर जे बोलणे झाले ते मी मुद्दाम येथे जोडतो.

बारवाला वॉशिंग्टन पिरीस म्हणाला, "माएस्त्रो, मग द्या ना तिलाही एक आठवडा! बारा-बारा. कोणाचं काय जातंय?"

"दुकानं बंद होती, वॉशिंग्टन."

"त्रेचाळीस वर्षं झाली, बंदच होती का अजून!"

औषधवाले नेल्सन ब्रुम चष्मा पुसत होते. शेजारच्या ओफेलिया रातीन यांनी चाळीस वर्षे परिचारिकेचे काम केले आहे, त्या कशाला गप्प बसतात? म्हणाल्या, "ही बाई किती वर्षांची?"

"शहात्तर."

"आणि तुम्ही एक्क्याऐंशी. ती तुमच्या आधी गेली तर? हा कागद काय तिच्या थडग्यावर वाचायचा? मेल्यावर माफी मागणं सोपं असतं हो फेर्मीन, समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही."

"ओफेलियाबाई, इथे साक्षीदारांनी फक्त ऐकायचं असतं," नोटरीबाई म्हणाल्या.

"ऐकलं की. म्हणून तर बोलले."

मी नोटरीबाईंना विचारले, "मृत्युपत्रातलं एखादं कलम माणसाला जिवंतपणी पार पाडता येतं का?"

"येतं. पण मग ते मृत्युपत्रात ठेवायचं कारण उरत नाही."

मी १९७८ ची वही मागवली. त्या आठवड्यावर सर्वांसमक्ष लाल रेघ मारली आणि लिहिले: 'गणती नाही.' अक्षर वाचता येते. रेडिओला पत्र वॉशिंग्टन आजच टाकणार आहे. परवा गुरुवारी सकाळी साडेसातच्या पायसांदूच्या बसचे तिकीट काढले आहे. वही माझ्यासोबत राहील, परतल्यावर ती इतर तीस वह्यांत ठेवावी. एल्सीराला काय सांगायचे ते मी पाठ करत नाही आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझा आहे, मला मान्य आहे.

मोंटेव्हिडिओ, मंगळवार, दिनांक १४ एप्रिल २००९, दुपारचे चार.

(सही) फेर्मीन उर्रुतीया

साक्षीदार:
(सही) वॉशिंग्टन पिरीस, बारमालक
(सही) नेल्सन ब्रुम, औषधविक्रेते
(सही) ओफेलिया रातीन, निवृत्त परिचारिका

नोटरीची टीप: कलम सहामधील 'सबब माझ्या मृत्यूनंतर' पासून 'समसमान आहे' पर्यंतचा मजकूर मृत्युपत्र करणाऱ्याने माझ्यासमक्ष खोडला असून तो ग्राह्य धरू नये. कारण: करणारा हयात आहे व स्वतः जात आहे.

(सही) इव्होन सासिया, नोटरी