गुंडीचं पोट

४ मार्च
ताईने अट घातली. "कुठं भटकायचं ते भटक, पण गुंडीचं ऑपरेशन करून जा. पुढे तिच्या गर्भाशयात गाठ झाली तर मी एकटी काय करू?" ससा आणला मी, आता ताईच्या गळ्यात बांधून निघालो मीच — ऐकायलाच हवं!
डोंगरावरच्या हॉटेलात काम आहे, मित्र म्हणतो लवकर ये. सॅक भरून ठेवलीय. गुंडी तिच्यावरच झोपते. एवढासा जीव. तिला कापायचं?

५ मार्च
कोपऱ्यावरचा डॉक्टर. चकचकीत दवाखाना, भिंतीभर कुत्र्यांचे फोटो. तिथे एक काणा बोका होता, त्याच्याशीच खेळत बसलो. विचारायचं ते विसरलो! दारातून परत फिरून विचारलं, सशांची ऑपरेशनं करता ना?
"अरे, कुत्रा काय, ससा काय, पोट ते पोट! माझ्या हातून एकही ससा दगावलेला नाही." शुक्रवारची वेळ दिली. "आदल्या रात्रीपासून उपाशी ठेव. पाणीसुद्धा नको."
माणूस मोकळा. हसतो छान. पण किती ससे केले, ते बोललाच नाही. हे घरी आल्यावर सुचलं. माझी अक्कल कायम मागच्या बसने येते.

६ मार्च
ताई म्हणाली, "दुसरीकडे विचारल्याशिवाय मी नखसुद्धा कापू देणार नाही." म्हणून गुंडीला करंडीत घालून नदीपलीकडे, पक्षी-सशांच्या डॉक्टरीणबाईंकडे. चुकीच्या थांब्यावर उतरलो, कुलपं दुरुस्त करणाऱ्याशी गप्पा छाटत बसलो. पोचलो तर बाई शटर ओढत होत्या! तरी आत घेतलं. दात बघितले, पोट चाचपलं. मी आपला शहाणपणा केला — उद्या कोपऱ्यावर ऑपरेशन आहे, आज रात्रीपासून उपाशी ठेवणार.
बाईंचा हात थांबला. "सशाला? कोण म्हणालं?"
कोपऱ्यावरचा डॉक्टर, म्हटलं.
"उपाशी ठेवतात ते भुलेत उलटी होऊ नये म्हणून. सशाला उलटीच होत नाही, मग उपाशी कशाला? पोट थांबलं की ससा थांबला. टेबलावर घेईपर्यंत खाऊ दे. आणि शुद्धीवर आल्यावर खायला तिचं गवत सोबत आण."
भीत भीत विचारलं, तुमच्याकडे कुणी... "गेलेत ना. खूप ससे केलेत, काही गेले. शेवटचा गेल्या वर्षी, भूल उतरताना." असं तोंडावर!
परतताना बसमध्ये हिशेब करत होतो. त्याच्याकडे एकही मेला नाही, हिच्याकडे मेलेत. मन त्याच्याकडेच धावतंय. पण ज्याने ससे फारसे केलेच नाहीत, त्याच्याकडे मरणार तरी किती?

७ मार्च
कोपऱ्यावर गेलो नाही. नाही सांगायची छाती नव्हती. फोन ताईनेच केला.

१० मार्च
आज बाईंकडे न्यायचं होतं. उठून बघतो तर गवताची टोपली रिकामी! भावजींनी काल रात्री गवत काढून ठेवलेलं. "माझ्या हर्नियाच्या वेळी मला घोटभर पाणी दिलं नव्हतं रे!" प्रेमानेच केलं. तरी ओरडलो. बाईंना फोन — "आज नको. पोटभर खाऊ दे, उद्या आण."

११ मार्च
आत नेताना तिने माझ्याकडे बघितलंच नाही. बाकावर बसून हातातल्या गवताचा पार भुसा केला.
शुद्धीवर आली! पण खात नाही. पिचकारीने पातळ खाणं भरवायचं. "स्वतःहून खायला हवं, लेंड्या पडायला हव्यात. तोवर माझाही जीव टांगणीला," बाई म्हणाल्या. त्याही घाबरतात म्हणजे.

१२ मार्च
लेंडी नाही. कोपऱ्यात कुबड काढून बसलीय. बाई म्हणतात भरवत राहा, उद्या सकाळीही तेच असेल तर घेऊन ये. मित्राचा निरोप — येतोयस ना? उत्तर दिलं नाही. ताई म्हणाली, "तू तरी जेव." ताट सरकवून पुन्हा पिचकारी भरली. मीच निवडलं ना बाईंना!

१३ मार्च
लेंड्या! ताई, भावजी, मी — तिघं ओणवी होऊन बघत बसलो. मग तिने आपण होऊन गवताची काडी ओढली.
धावत जाऊन भाराभर गवत आणलं. टोपलीत मावेना. सॅक रिकामी केली. बरोब्बर मावलं.