तासांचा रकाना

८ फेब्रुवारी २००९, वडसा

पाणी भरून झालं होतं. कोंबड्या सोडल्या होत्या, चुलीवर भात होता. मी दारात बसून लाखोळीची डाळ निवडत होते. हे चहा पिता पिता म्हणाले, "सुरय्या, नागपूरच्या संस्थेनं आपल्याले केंद्र देल्लं. बाया कॉम्प्युटरवर शिकतीन, दवाखान्यात नोकरी करतीन." मी म्हटलं, डाळीत खडे फार आहेत. एवढंच बोलले!

दोन वर्षं झाली त्याला. हे गेले त्यालाही आता दीड होईल. केंद्र मी चालवते — पुड्यांच्या कागदांवर वाचायला शिकलेली बाई. चालवते, पण थकते.

९ फेब्रुवारी

नागपूरहून संस्थेच्या हेमराज सरांचा फोन. या खेपेला रिपोर्ट तुमचा तुम्हीच बनवा म्हणाले. संस्थेच्या साइटवर नावं निवडायची, हवे ते रकाने निवडायचे, खालचं बटण दाबायचं. सोळा तारखेपर्यंत. साइटवर ज्यांच्या नावावर शिकल्याचे तास चाळीसच्या वर, त्यांचीच नावं गडचिरोलीच्या दवाखान्यात नोकरीसाठी जाणार.

१० फेब्रुवारी

दिवसभर लाइट नाही.

११ फेब्रुवारी

रिपोर्ट बनला. अदीबा — २१२ तास. गुणाबाई, तहसीन, इतवारी, झिंगू — शून्य. चौघीही शून्य!

तीनदा बनवला. तेच.

मग डोक्यात उजेड पडला. दुसरा कॉम्प्युटर पावसाळ्यात, या पाचजणी यायच्या आधीच बंद पडला, म्हणून पहिल्या दिवसापासून पाचही जणी एकाच पडद्यापुढे बसतात. लॉगिन अदीबाचं, कारण माझ्या लेकीची बोटं भरभर चालतात. वडिलांनी शिकवलं होतं. चौघींनी वाचायचं, उत्तर सांगायचं, हिनं दाबायचं. मी रोज बघत होते. कधी टोकलं नाही.

गुणाबाई हसली. "बसून बसून खुर्चीले खड्डा पडला, अन् मशीन म्हणते मी आलीच नाई!" बारा किलोमीटर सायकल मारत येते ती.

१२ फेब्रुवारी

सरांना फोन केला. हजेरीचं रजिस्टर आहे म्हटलं, सगळ्यांच्या सह्या आहेत.

"रजिस्टर चालत नाई, बाई. साइटवर दिसलं पाहिजे. तासाच्या जागी परीक्षेचे मार्क चालतीन, निम्म्याच्या वर. पण दोन्हीपैकी एकच रिपोर्ट पाठवा. अन् तुमची पोरगी तं निवडल्यासारखीच समजा!"

अदीबा शेजारीच होती. दुपारी तिनं वडिलांची सुटकेस उन्हात ठेवली.

१४ फेब्रुवारी

साइटवरची परीक्षा झाली. एकदाच देता येते. या वेळी एकेकीनं, आपापल्या नावानं. पासवर्डच्या चिठ्ठ्या शोधण्यातच सकाळ गेली. गुणाबाई एका बोटानं. "ए काऊन इथी, बी काऊन तिथी? कोण्या बेवड्यानं लावले हे बटणं?" तहसीन म्हणाली, "मावशी, परीक्षा दे, पंचायत नको भरवू." खूप दिवसांनी केंद्रात हसू आलं.

१५ फेब्रुवारी

नवा रिपोर्ट बनवला. तासांचा रकाना काढला, मार्कांचा घातला. तीसपैकी पंधराच्या वर हवेत. गुणाबाई २४. तहसीन २१. इतवारी १९. झिंगू १७.

अदीबा ९.

ती पडद्याकडे बघतच राहिली. "अम्मी, मी तं फक्त टाइप करत होती. वाचाले टाइम कुठी होता मले?"

थोड्या वेळानं, हळू आवाजात — "तासांचाच पाठव ना. तो काई खोटा नाई."

खोटा नाहीच. दोन्ही खरे आहेत. तासांच्या रिपोर्टात माझी एक पोर नोकरीला जाते, मार्कांच्या रिपोर्टात बाकीच्या चौघी जातात. माझ्याच डोळ्यांसमोर झालं सगळं.

यांना विचारावंसं वाटलं. ते काय म्हणाले असते, मला सांगता येत नाही. सगळ्या बायांसाठी केंद्र काढलं त्यांनी. पण लेकीपुढे त्यांचं काही चालायचं नाही.

उद्या सोळा.

१६ फेब्रुवारी

मार्कांचा रिपोर्ट पाठवला. सकाळी दहाला, अदीबा आंघोळीला गेली तेव्हा. तिला अजून सांगितलं नाही.