इफीबाईंची फाइल

४ मार्च
इफी मॅकअस्किलबाईंनी स्वतःची फाइल मागितली! "विद्यापीठानं माझ्याबद्दल जे जे लिहून ठेवलंय, ते सगळं पाठवा." कायद्यानं तो त्यांचा हक्क. महिन्याच्या आत द्यायची, एक शब्दही न खोडता.

फाइल माझ्या हातची. सहा वर्षं, अकरा भेटी.

५ मार्च
आज सगळी वाचली. वाचवेना.

इफीबाई सत्त्याऐंशीच्या. चाळीस वर्षं आमच्याच प्रयोगशाळेत मदतनीस. दगडफुलं गोळा केली, मोजली. नाव एकाही शोधनिबंधावर नाही. आपल्यामागे ब्रॉटी फेरी गावातलं घर विद्यापीठाला द्यायचं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलंय. त्यातून दरवर्षी एका विद्यार्थ्याला दगडफुलांवर संशोधन करता यावं, एवढीच इच्छा. माझं काम अशा देणगीदारांकडे जाऊन चहा पिणं, आणि परतल्यावर नोंद करणं. वीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेली, त्यामुळे नोंदी अगदी नेटक्या—

"भेट ७. खोकला वाढलाय. जिना चढवत नाही. छप्पर उत्तम स्थितीत."

"भेट ९. कुत्रा गेला. घरी आता कुणी नाही, दुसरा वारस संभवत नाही. सोयीचं."

सोयीचं! त्या दिवशी मी त्यांचा हात धरून रडले होते. खरंच रडले होते. आणि परतीच्या बसमध्ये हे लिहिलं.

६ मार्च
आमचे विभागप्रमुख डंकनसाहेब म्हणाले, "अगं, तेवढा एक शब्द गाळ. कुणाला कळतंय?"
तो गुन्हा आहे, मी म्हटलं.
"मग घर गेलं समज. आणि संशोधनाला पैसे का नाहीत ते पोरांना तूच सांग."

मला घराचं काही वाटत नाही, लाज वाटते ती इफीबाईंपुढे.
— हेही खोटं. घराचंही वाटतं.

१० मार्च
तो शब्द खोडला. जेवून आले. परत लिहिला. पाठवली.

१९ मार्च
इफीबाईंचं बोलावणं आलं. गेले.

"ये कर्स्टी. छप्पर अजून उत्तम स्थितीत आहे बरं का!"

मान वर करवेना. टेबलावर फाइल, कडेनं पेन्सिलीच्या खुणा.

"भेट सात. तो खोकला नव्हता, पोरी. तुझ्या त्या टोपीला हसत होते, ते दाबत होते. प्रयोगशाळेत असं निरीक्षण केलं असतंस, तर हाकलूनच दिलं असतं तुला."

मी माफी मागायला लागले.

"थांब. कुत्र्याचं लिहिलंस ते रडण्याआधी की नंतर?"

"नंतर."

त्यांनी केक कापून माझ्यापुढे ठेवला. तो तसाच राहिला. मृत्युपत्राचं विचारायचं धाडस झालं नाही.

२० मार्च
डंकनसाहेब: "काय म्हणाली म्हातारी?"
"तो खोकला नव्हता म्हणाल्या."

२७ मार्च
टपालानं एक कागद. आमच्याच नोंदींच्या धर्तीवर, पेन्सिलीनं. वर लिहिलंय, "फाइलला जोडावा."

"भेट १२. निरीक्षक: इ. मॅकअस्किल. कर्स्टी आली. टोपी तीच. केकला हात लावला नाही. बारीक झालीय. तो शब्द गाळता आला असता, गाळला नाही. मृत्युपत्रात बदल नाही. हिलाही घरी वाट बघणारं कुणी नाही, रविवार मोकळे, चहाला येईल. सोयीचं."