आमच्या गल्लीखालचं स्टेशन

४ फेब्रुवारी

स्टेशन बंद होणार! दीड वर्ष, नव्यानं बांधायला. स्टेशनच्या मॅनेजरबाईंचा फोन होता. पोरगी माझ्या लेकीच्या वयाची. म्हणाली, "आजी, भिंतीवर स्टेशनचा इतिहास लावायचाय. पहिल्या दिवसापासूनच्या तुम्हीच काय त्या सापडलात. दोन पानं पुरेत."

आजी! सदतीस वर्षं तिकीट खिडकीवर काढली, सगळे 'बाई' म्हणायचे. असो. हो म्हणून बसले.

६ फेब्रुवारी

सुरुवातच जमेना. उद्घाटनापासून करावी तर आमची गल्ली सुटते. मेट्रोवाले वरून खणत आले तेव्हा अकरा घरं पाडली, त्यात आमचं एक. आता दोन नंबरचा फलाट आहे ना, बरोबर त्याच्या वर. खाली बाबांचं पुस्तकबांधणीचं दुकान, वरच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं. जिन्यात कायम खळीचा वास.

शेवटच्या दिवशीसुद्धा बाबा कुणाच्या तरी जाडजूड शब्दकोशाला पुठ्ठा चढवत बसले होते. पाडणारा मुकादम दारात उभा. बाबांनी मान वर न करता सांगितलं, "थांबा, वाळू दे." आणि तो थांबला! तासभर थांबला बिचारा.

हे लिहिलं. ठेवतील का, देव जाणे.

७ फेब्रुवारी

गुडघा. काही लिहिलं नाही.

१० फेब्रुवारी

गल्लीचा एकच फोटो उरलाय, तो ताईकडे. गेले. एक्केचाळीस वर्षांत ताई त्या स्टेशनात एकदाही उतरलेली नाही. दोन बस बदलेल, ताटकळेल, पण उतरायची नाही. पाडलेल्या प्रत्येक घरातल्या एकाला मेट्रोत नोकरी मिळाली होती. आमच्याकडून मला. बाबांनी तुझं नाव दिलं, असं आई सांगायची. ज्यांनी घर पाडलं त्यांच्याकडेच मी कामाला लागले, हे ताईला सलत असणार. तेव्हापासूनची अढी! आईचं नऊ वर्षांचं आजारपण तिनंच काढलं, लग्नही केलं नाही. त्यामुळे तिला काही बोलायची माझी कधी छाती झाली नाही.

"कशाला हवाय फोटो?"

"भिंतीवर लावतील. बाबा दिसतात त्यात."

"मला दिसतात रोज. त्याला भिंत कशाला लागते?"

पण दिला. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून. मी निघाले तर म्हणते, "उभ्या उभ्याच चाललीस? चहा टाकलाय." प्यायले. स्टेशनचं नाव दोघींनीही काढलं नाही.

१५ फेब्रुवारी

आज हात सुटला. सहा पानं!

उद्घाटनाचा दिवस. मी एकवीस वर्षांची, खिडकी क्रमांक दोन. लोक तिकीट काढायचे आणि फलाटावर न जाता नुसते दिवेच बघत उभे राहायचे. एका म्हातारीनं सरकत्या जिन्यापाशी चपला काढल्या. फाटकावरच्या नानांनी त्या उचलून घेतल्या, दुसरा हात तिला दिला आणि नवरीला न्यावं तसं वर सोडून आले. पाचव्या वर्षी पंप बंद पडला, फलाटावर पोटरीएवढं पाणी. मी आणि नानांनी तिकिटांचे गठ्ठे डोक्यावरून वाहिले. नाना तेवढ्यातही ओरडत होते, "बाई, होडी लागली, तिकीट दाखवा!"

आणि तो चष्मेवाला. एक नंबरची खिडकी रिकामी असली तरी माझ्याच रांगेत! तीन वर्षं रांगेत उभा राहिला, मग मीच म्हटलं, आता बस झालं. लग्न केलं.

हे काही इतिहासात बसत नाही. खोडलं. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. असते तर म्हणाले असते, मुख्य गोष्ट तीच होती, तीच खोडलीस!

२० फेब्रुवारी

पानं देऊन आले. बाबांची शब्दकोशाची गोष्ट ठेवणार म्हणाली पोरगी! पहिल्या कर्मचाऱ्यांची नावं जुन्या फायलींतून काढायचीत म्हणे.

येताना माझी खिडकी पाहिली. काचेला आतून कागद चिकटवलेत, खुर्चीच्या जागी बादल्या आणि पुसायचे दांडे. यंत्रं आली तेव्हाच बंद झाली होती, माहीत होतं. तरी वाकून भोकातून आत बघितलं. मागून कुणी तरी म्हणालं, "काकू, तिकीट तिकडे मिळतं."

२१ फेब्रुवारी

ताईला फोन करावासा वाटला. केला नाही.

२४ फेब्रुवारी

मॅनेजरबाईंनी माझी फाइल हातात दिली. पहिलाच कागद नेमणुकीचा – ताईच्या नावाचा! त्याला टाचलेला अर्ज, ताईच्याच अक्षरात: 'आई अंथरुणाला खिळली आहे. मला घर सोडता येणार नाही. माझ्या जागी धाकट्या बहिणीला घ्यावे. ती हुशार आहे.'

तिथूनच फोन लावला. ताईला अर्ज वाचून दाखवला. ती म्हणाली, "खाली उतरले असते तर तुझा हेवा वाटला असता गं. तो मला करायचा नव्हता."