दरबारी आमटीचा खरा इतिहास

देवास,
३ फेब्रुवारी २०२५

ती. मालनकाकूंस,
भूपेंद्रचा सा. न. वि. वि.

आम्ही इकडे मजेत. तुमचे गुडघे कसे आहेत ते कळवा. मोठी बातमी म्हणजे आपल्या ‘मालनबाई दरबारी आमटी’ला यंदा पंचवीस वर्षं होतात आणि मी कंपनीचा इतिहास छापतोय! पहिलं प्रकरण तयार आहे. त्यात आपले पूर्वज मानाजी धारच्या मुदपाकखान्यातली गुप्त कृती पागोट्यात लपवून घोड्यावरून पळतात. घोडा फार छान उतरलाय.

वीस तारखेला मुंबईचे खरेदीदार येताहेत. आमटी देशभर विकायची त्यांची तयारी आहे. अट एकच: पाकिटावर जिचा फोटो आहे त्या बाईंनी स्वतः हकीकत सांगावी आणि आपल्या हातची आमटी खाऊ घालावी. जमलं नाही तर हाटपिपल्याहून येणाऱ्या चाळीस बायांची दुसरी पाळी बंद करावी लागेल. तेव्हा काकू, तेवढा घोडा सांभाळून घ्या.

आशीर्वाद आहेतच, ते वीस तारखेपर्यंत जरा वाढवावेत.

आपला,
भूपेंद्र


धार,
८ फेब्रुवारी

चि. भूपेंद्रास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसतं हाँ काकू, हाँ काकू करतोस, म्हणून पत्र. अरे, कुठला घोडा? मानाजी बैलगाडीतसुद्धा डोळे मिटून बसायचे, असं सासूबाई सांगत.

खरं ऐक. नव्याण्णव सालच्या गौरींना पुरणाचा स्वयंपाक होता. घाईत गोडा मसाला समजून मी कटाच्या आमटीत जिरावण ओतलं. तेच आंबट-तिखट इंदुरी, जे तू रोज पोह्यांवर भुरभुरवतोस. नैवेद्य आधी चाखायचा नाही आणि प्रसादाला नावं ठेवायची नाहीत, ही आपल्या घरची रीत. त्यामुळे मला कळलं ते पंगत बसल्यावर, मामंजींचे कान लाल झालेले पाहून. बरणी हुंगली तेव्हा उलगडा झाला. पंगत मात्र जेवत राहिली. तुझ्या काकांनी तर दुसऱ्यांदा वाटी पुढे केली. माझी लाज राखायला हा माणूस असलं काही खातोय, या विचाराने मला रडूच आलं. ती आमटी मी त्या दिवशी चाखली नाही आणि आजवर तोंडाला लावलेली नाही.

तू मात्र, बी.कॉम.ला दोनदा नापास होऊन घरी बसलेला, त्या आमटीवर खूश होऊन ती बरणीच मागून नेलीस आणि कारखाना काढलास. इंदूरच्या रसायनवाल्याकडून ‘गुप्त मसाल्या’ची तपासणीही करवलीस! मी सांगणार होते रे, पण तू जन्मात पहिल्यांदा सकाळी सहाला उठत होतास.

मी येईन. पण खोटं बोलणार नाही, आणि आमटी करीन ती गोड्या मसाल्याची, रीतसर.

रागावलास तरी जेवून रागाव.

तुझी,
मालनकाकू


धार,
२३ फेब्रुवारी

चि. भूपेंद्रास अनेक आशीर्वाद.

मी जिरावण म्हटल्याबरोबर तू गोदामात पळालास आणि सही झाल्यावर नुसता नाचत होतास, म्हणून मधलं लिहिते. मी सगळं सांगितलं, मामंजींच्या कानांसकट. मुंबईवाले पोट धरून हसले. मग त्यांनी माझी रीतसर आमटी चाखली आणि तिघांनीही चमचे हळूच खाली ठेवले. थोरल्याने फार अदबीने विचारलं, की अस्सल चव कुठे गेली? तुझ्या दुसऱ्या पाळीची मुकादम अल्पना पदर तोंडाला लावून त्याला म्हणाली, की भिया, अस्सल तर पाकिटात आहे. तिने पाकीट उकळलं, तिघांनी बोटं चाटली आणि सही केली. पन्नास वर्षं गोडा मसाला कुटला मी! पण बायांची पाळी वाचली, म्हणून तुला माफ.

घरी येऊन मी पहिल्यांदाच एक पाकीट फोडलं. भूपेंद्र, छान लागते रे! म्हणजे तुझ्या काकांनी ती दुसरी वाटी माझ्यासाठी नव्हती मागितली. त्यांना खरंच आवडली होती. पंचवीस वर्षं मी उगाच ओशाळी होते. एकटीच हसत बसले, थोडी रडलेही. आत्ता तिसरं पाकीट संपलं.

पहिल्या प्रकरणातला घोडा काढ. तिथे काकांची वाटी घाल.

लोभ तर आहेच. सोबत एक खोकंही पाठव.

तुझी,
मालनकाकू