गोल्फच्या चेंडूंचा तपास आणि मामांची टाच

अमरावती, कार्तिक वद्य तृतीया, सोमवार

तीर्थस्वरूप मोरोपंतमामांच्या चरणी (विशेषतः उजव्या, कारण दुखणं त्याच चरणात आहे) भाचा कमलाकांत याचा लोटांगण घालून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. (ठीक नाही, पण पहिल्याच ओळीत तुमचं रक्त तापवायचं नाही असं ठरवून बसलोय.) मामींचा खोकला कसा आहे? दिवाळीला तुम्ही इथे गोदूमावशीकडे आला होतात तेव्हा तुमची टाच अशी ठणकत होती की ओवाळून घ्यायलाही तुम्ही पाटावर पाय लांब करून बसलात. आता त्याच मुक्कामात इथल्या कॅम्पात सकाळी लंगडत फिरताना सापडलेला तो लिंबाएवढा पांढरा गोटा टाचेखाली फिरवून उतार पडतोय, हे तुमच्या पत्रावरून कळलं आणि फार बरं वाटलं. वैद्याच्या काढ्यापेक्षा गोटा बरा, कडू तरी नसतो.

आता मुख्य मजकूर. मी वकिलीच्या परीक्षेला पुन्हा बसावं आणि तोवर अकोल्याला येऊन तुमच्या कचेरीत नकला कराव्यात, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे. पण मामा, मी धंदा काढलाय. ‘कमलाकांत, खासगी डिटेक्टिव्ह’ अशी पाटी रंगवून घेतलीय. (मावशीने ती दाराच्या आतल्या बाजूला लावलीय. बाहेर लावली तर लोक विचारतील म्हणे. अहो, लोकांनी विचारावं म्हणूनच पाटी असते, पण त्या माऊलीला कोण समजावणार!) आणि पाटी आत असूनही पहिलं गिऱ्हाईक आलं ते थेट स्वयंपाकघराच्या दारातून. आपल्याला वांगी-मेथी घालणारी पार्बताबाई तुम्हाला आठवत असेल. तिचा नवरा गोवर्धन कॅम्पाच्या पलीकडे साहेबलोकांच्या गोल्फ क्लबात मैदान राखतो. तिथेच कडेला त्यांची झोपडी आहे, वाफे आहेत. टोपली उतरवली आणि म्हणाली, “बापू, तुमी हरवलेलं हुडकून देता म्हणे. माही तांबडी कोंबडी दिसून नाही राहिली. तेवढी हुडकून द्या.”

मामा, माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. ज्या घरात अंड्याचं नाव घ्यायचं झालं तर मावशी ‘ते’ म्हणून खूण करते, त्या घरातल्या माणसाने पहिला तपास कोंबडीचा करायचा? मी तिला स्वच्छ सांगितलं की बाई, आमच्या धंद्यालाही काही सोवळं आहे. ती टोपली उचलून निघून गेली. मावशी मात्र दिवसभर देवघरातून माझ्याकडे ‘हे कसले धंदे’ अशा नजरेने पाहत होती.

चार दिवसांनी पार्बताबाई पुन्हा आली ती पदराने डोळे पुसतच. कोंबडी जाऊ द्या चुलीत, आता माह्या घरधन्याची भाकर चालली, म्हणाली. झालं होतं असं की क्लबाचे चेंडू नाहीसे होत होते. (गोल्फ म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. एक लहानसा पांढरा चेंडू काठीने होता होईल तितका लांब मारायचा, मग त्याला शोधत जायचं, सापडला की पुन्हा मारायचा, आणि शेवटी जमिनीतल्या भोकात घालून आनंद मानायचा. भोकात घालायचाच होता तर हाताने घालायला काय झालं होतं, हे मला अजून उमगलेलं नाही.) तर तिसऱ्या भोकाजवळ पडलेला चेंडू पुन्हा दिसतच नव्हता. हे चेंडू विलायतेहून येतात. क्लबाच्या सेक्रेटरी साहेबाने गोवर्धनला बजावलं होतं की रविवारी अकोल्याचे साहेब सामन्याला येणार, तोवर चेंडू मिळाले नाहीत तर नोकरीही गेली आणि झोपडीही. गोवर्धन बापडा इतका भिडस्त की “मी नाई घेतले” हे वाक्यसुद्धा त्याने साहेबाकडे न पाहता, मैदानाकडे पाहून म्हटलं, आणि साहेबाला वाटलं, हाच चोर.

मी म्हटलं, पार्बताबाई, घाबरू नका, कमलाकांत आहे. आणि दुसऱ्याच दिवशी अंगाला राख फासून, जटा लावून, बैराग्याच्या वेषात तिसऱ्या भोकाजवळच्या घाणेरीच्या जाळीत जाऊन बसलो. (जटा कुठून आणल्या ते विचारू नका. मावशीची जुनी उशी फाटली आहे एवढंच सांगतो.) बसतो न बसतो तो मागून कोणीतरी पोटरीला कडकडून चोचलं. वळून पाहतो तर एक तांबडी कोंबडी पालापाचोळ्यात फतकल मारून बसलेली, आणि तिच्या पोटाखालून पांढरं पांढरं ‘ते’ डोकावत होतं! शिव शिव! मी तत्काळ मान फिरवली, चार हात सरकून तिच्याकडे पाठ केली आणि रामरक्षा म्हणत रस्त्याकडे डोळे लावले. चोर आला तर रस्त्यानेच येणार, हे उघड होतं.

आणि इथेच हे प्रकरण गूढ होतं. माझ्या डोळ्यांदेखत साहेबाचा चेंडू आला आणि माझ्या मागे टप्पकन पडला. मागे कोंबडी होती, म्हणून मी मागे पाहिलं नाही. रस्त्याने चिटपाखरूही आलं नाही. मग गोवर्धन आला, शोधशोध शोधला, चेंडू नाही! पुढचे सगळे दिवस हेच. राखेने अंगाला खाज, पोटऱ्या चोचून लाल, आणि चोराचा पत्ता नाही. संध्याकाळी परत जाताना गोवर्धन मला लांबून हात जोडायचा. माझ्या भरवशावर तो माणूस रात्री दोन घास खात होता.

रविवारी सामना सुरू झाला. अमरावतीचे साहेब, अकोल्याचे साहेब, मडमा, छत्र्या. आणि त्या गर्दीत मला दिसले शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे बागाईतदार उत्तमराव! (तुमचे जुने पक्षकार. हे मला तेव्हा माहीत होतं, पण आठवलं नाही.) फेटा, लांब कोट, आणि कोटाचे दोन्ही खिसे गोल गोल वस्तूंनी टरारलेले. तेही तिसऱ्या भोकाजवळ! मामा, तुम्हीच सांगा, मी काय समजावं? मी जाळीतून उडी घेतली, ‘चोर, चोर’ असा गलका केला आणि त्यांच्या खिशात कोपरापर्यंत हात घातला. बाहेर निघालं संत्रं. मग दुसरं. मग खिसाच फाटला आणि साहेबाला भेट म्हणून आणलेली सगळी संत्री गवतावर गडगडत निघाली. नेमका तेव्हाच अकोल्याचा एक जाडा साहेब डोळे बारीक करून, काठी उगारून चेंडूवर नेम धरत होता. त्याने हाणला तो फटका संत्र्यावर. फोडींचा असा फवारा उडाला की साहेबाची पांढरी पाटलोण रंगपंचमी खेळून आल्यासारखी झाली.

“कोन होय रे हा बुवा? धरा त्याले!” असं ओरडत उत्तमराव धावून आले. तुम्ही त्यांचा देह पाहिलाच आहे. मी मागे मागे सरकत गेलो, सरकत गेलो, धोतरात पाय अडकला आणि धप्पदिशी जाळीत बसलो. खालून फटाफट आवाज आले. काहीतरी कोमट पसरलं. कोंबडीने जटा उपटून हातात (म्हणजे चोचीत) घेतल्या. आणि मामा, त्याही स्थितीत माझ्यातला डिटेक्टिव्ह जागा राहिला. कारण माझ्या खाली जे होतं त्यातलं काही फुटलं होतं, आणि काही फुटलंच नव्हतं. जे फुटलं नव्हतं ते फार टोचत होतं.

मी डोळे मिटून, जन्मात प्रथमच, ‘त्या’ला हात लावला आणि एकेक बाहेर काढून गवतावर मांडत गेलो. चेंडू! विलायती चेंडू! खुडूक (म्हणजे उबवायला बसलेली) कोंबडी जवळ पडलेलं अंडं चोचीने ढकलत आपल्या पोटाखाली घेते म्हणे. आपल्या घरात हे कोणाला ठाऊक असायचं? पार्बताबाईची रुसून गेलेली कोंबडी आणि साहेबांचे चेंडू, दोन्ही एकाच जाळीत. पहिलाच तपास सोवळं न पाळता घेतला असता तर दुसरा करायची वेळच आली नसती. पार्बताबाई धावत आली, कोंबडीला छातीशी धरलं, मग खाली पाहिलं आणि म्हणाली, “बापू, अंड्यायवर तुमी काहून बसले जी? ते काम तिचं होतं.”

सेक्रेटरी साहेब हसून हसून लाल झाला. गोवर्धनच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, जिंकलो! मावशीने मात्र मला आडावर उभं करून घागरींवर घागरी ओतल्या. तिचा राग उतरेपर्यंत मी ओसरीवरच निजतो आहे आणि हे पत्रही तिथूनच लिहितो आहे. बाकी सर्व कुशल. मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि टाचेची काळजी घ्यावी.

आपला आज्ञाधारक
कमलाकांत

ता. क. एक सांगायचं राहिलं. उत्तमराव माझ्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावणार आहेत. ते उद्याच्या गाडीने अकोल्याला येतील आणि तुमचंच दार ठोठावतील, कारण वऱ्हाडात तुमच्यासारखा वकील नाही असं ते मैदानावरच सगळ्यांना ओरडून सांगत होते. (ऐकून मला अभिमानच वाटला.) तर कृपा करून वकीलपत्र घेऊ नये. घेतलंच तर तुमच्या कचेरीत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या प्रकरणांसारखं उशाशी घेऊन निजावं.

ता. क. २. वर ‘जिंकलो’ असं लिहिलं ते घाईने. साहेबाने चेंडू मोजले आणि त्याचं तोंड एकदम उतरलं. एक कमी होता. तो त्याच्या वारलेल्या बापाने दिलेला, मधोमध निळी रेघ ओढलेला. तो दिवाळीतच गेला, म्हणजे कोंबडी रुसायच्याही आधी. आता येत्या रविवारपर्यंत तो मिळाला नाही तर गोवर्धन पुन्हा रस्त्यावर. ते ऐकून गोवर्धन अंधार पडेपर्यंत जाळीतला पाचोळा चाळत राहिला हो. मला बघवेना. रात्री ओसरीवर झोप लागेना म्हणून मी तुमचं मागचं पत्र काढून वाचत पडलो. ‘गोटा मोठा गुणाचा आहे,’ असं तुम्ही लिहिलंय. ‘अंगावर देवीचे वण असल्यासारखे खड्डे आहेत, त्यांनी टाच छान चोळून निघते, आणि मधून अशी सुरेख निळी शीर गेली आहे की नर्मदेचाच असावा.’

मामा, नर्मदा अमरावतीच्या कॅम्पातून वाहत नाही.

ता. क. ३. हे पत्र घेऊन तुमच्या दारात उभा आहे तो गोवर्धनच. त्याला काही ठाऊक नाही, टाचेच्या औषधाबद्दलची चिठ्ठी आहे असं सांगून पाठवलंय. आधी त्याला जेवू घाला, कालपासून त्याच्या पोटात अन्न नाही. मग गोटा फडक्यात बांधून द्या. तो जाळीतच सापडला असं मी साहेबाला सांगेन. टाचेसाठी पार्बताबाई चांगला गुळगुळीत दगड पाठवते आहे, तो त्याच्याच पिशवीत आहे. आणि उत्तमराव याच्या आधी पोचून तुम्ही वकीलपत्र घेऊन बसला असाल, तर एवढंच ध्यानात ठेवा की कोर्टात मला शपथेवर विचारतील, शेवटचा चेंडू कुठे मिळाला.