मुलाखतीला पांढरी साडी

३ फेब्रुवारी १९८६
दिवाळीनंतर आज पहिल्यांदा ही वही उघडतेय. कारणं द्यायला बसले तर पान संपेल, आणि त्यातली निम्मी खोटी असतील. तेव्हा नुसतं चुकलं म्हणते.

प्रिन्सिपॉलनी बोलावलं. अंधेरीची एक कंपनी आपल्या टी.वाय.बी.कॉम.ची बारा मुलं मुलाखतीला बोलावतेय. वीस तारखेला. 'त्यांना जरा कपड्यांचं सांगा. तुम्ही नेहमी व्यवस्थित असता.' सहा साड्या आहेत आणि स्टार्च घालते, एवढंच माझं व्यवस्थित. धाकट्या भावाला, वसंताला, सांगितलं तर म्हणाला, 'मला पण बसू दे त्या वर्गात.' त्याच्या शर्टाची कॉलर बघता बसायला हरकत नाही.

६ फेब्रु.
झालं लेक्चर. मुलगे अकरा, मुलगी एकच, संघमित्रा. अकाउंट्समध्ये वर्गात पहिली. मुलग्यांना: साधा शर्ट, काळे बूट, केस कानांच्या वर. टाय नसला तरी चालेल. तिला: साडी, फिकट रंग. 'फक्त पांढरी नको हं, कोणी गेल्यासारखं वाटतं.' मुलगे हसले. मीही हसले.

सं. हसली नाही. म्हणाली, 'मॅडम, आमच्यात लग्नाला पांढरी नेसतात.'

मी म्हटलं, 'हो का? छान.' आणि चपलांकडे वळले.

७ फेब्रु.
'छान.' दिवसभर तोच शब्द.

एकोणीस वर्षं शिकवतेय. वर्गात बौद्ध घरांतली मुलं दर वर्षी असतात. माहीत नव्हतं असं कसं म्हणू? लायब्ररीतल्या शांताबाईंनी मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात दिली होती. गेले नाही, नाहीतर पांढऱ्या साडीतली नवरी तिथेच बघितली असती. पेपर तपासायचे होते म्हणाले. तपासायचे होतेही, पण त्याच आठवड्यात पुण्याच्या लग्नाला दोन दिवस गेलेच की.

१० फेब्रु.
सं. स्टाफरूममध्ये आली. थेट विचारलं, 'पांढरी नेसू की नको? सरळ सांगा ना मॅडम.'

तिच्याकडे दोनच साड्या. एक ताईची लाल नायलॉनची, पदर सारखा खांद्यावरून घसरतो. दुसरी पांढरी, निळ्या काठाची. आईने मुद्दाम घेतलीय, घरातली पहिली पदवीधर म्हणून. 'आणि हा जॉब नाही लागला ना, तर मामा स्थळ घेऊन उभाच आहे. मुलगा बरा आहे हो, पण मला आत्ता नकोय.'

मी म्हटलं, माझी मोतिया रंगाची नेस.

ती म्हणाली, 'तुमची नेसले तर मी तुमच्यासारखी बोलायला लागेन मॅडम. मग ते तुम्हालाच ठेवून घेतील.'

दोघी हसलो. पण उत्तर मी दिलंच नाही. समोर बसणाऱ्या साहेबांना पांढऱ्याचं काय वाटेल, याचा अंदाज मला आहे. त्यांचा समज तिच्या गळ्यात घालायचा का? आणि नाही घातला, नोकरी गेली, तर मामा माझ्याकडे येणार आहे थोडाच.

१३ फेब्रु.
वर्गात सांगितलं, 'मागच्या वेळी पांढऱ्या साडीबद्दल मी चुकीचं बोलले. ते माझ्या घरचं होतं, नियम नव्हता.' बाथरूममध्ये दोनदा म्हणून पाहिलं होतं, तरी आवाज चिरकला. मागून दळवी म्हणाला, 'मॅडम, मग चेक्स चालतील का?' नाही चालणार, म्हटलं.

सं.ने मान हलवली. माफ केलं की ऐकलं एवढंच, कळलं नाही.

२० फेब्रु.
अंधेरी. मी बरोबर गेले. अकरा मुलग्यांत टाय एकच! बाहेर येणाऱ्याने काढायचा, आत जाणाऱ्याने घालायचा. पाचव्या वेळी साहेब म्हणाले म्हणे, 'या टायची मुलाखत झालीय, तुम्ही बोला.' दळवीने तो तिथेच काढून खिशात घातला. वाट लागली असं तो म्हणतो, पण साहेब हसत होते.

सं. पांढऱ्यात. निऱ्या आईने बसवल्या होत्या, इस्त्री अशी की बसायला घाबरत होती. रिसेप्शनवरच्या बाई जरा वाकून, हळू आवाजात, 'घरात काही झालंय का गं?'

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सं.च म्हणाली, 'अजून नाही. पण होईल. आमच्या घरात कोणीतरी नोकरीला लागणारेय.'

बाई आधी गोंधळल्या, मग हसल्या, मग तिला पाणी आणून दिलं.

वीस मिनिटं आत होती. बाहेर येऊन म्हणाली, 'एकाने विचारलं, पांढरी का? मी म्हटलं, आमच्यात चांगल्या दिवशी नेसतात. तर म्हणाला, अस्सं. आणि ट्रायल बॅलन्स विचारला. तो आला मला. पण अस्सं म्हणजे काय मॅडम?'

मला काय माहीत. 'छान'चा अर्थही मला आठवडाभराने कळला.

परतताना सगळ्यांनी वडापाव खाल्ला. ती उभ्यानेच, पदर दुसऱ्या हातात गोळा करून. एक थेंब चटणी नाही पडली.

२८ फेब्रु.
पत्र आलं. चौघांना घेतलं. त्यात दळवी! दोघांचं अजून ठरायचंय, त्यात सं. त्या दोघांसाठी कॉलेजकडून माहितीचा फॉर्म मागितलाय. प्रिं.नी माझ्या हातात दिला. हजेरी, हुशारी, वर्तन भरून झालं. चौथा रकाना 'राहणी'.

'साधी' लिहिलं, पेन्सिलीने. खोडलं. घरातली सगळ्यात चांगली साडी नेसून गेली होती ती, साधी कशी? 'योग्य' लिहिलं. तेही खोडलं. तिथे कागद पातळ झालाय.

सं. जिन्यात भेटली. 'काय लिहिलंत मॅडम?'

म्हटलं, अजून लिहितेय.

'लवकर लिहा ना. मामा रविवारी येतोय.'

उद्या: रकाना चार भरणे, शाईने, आणि फॉर्म पहिल्या टपालात टाकणे.